बातमी तिची आहे

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला. आईची गाठ कॅन्सरची निघाली, हे तुला ठाऊक, बाबांना ठाऊक, मावशीला, काकांना, काकांच्या जावयालासुद्धा ठाऊक. ठाऊक नाही ते एकट्या आईला. आणि तू मला विचारतोस, ‘तिला सांगू की नको?’

हे ठरवणारे तुम्ही कोण? बातमी तिची आहे. शरीर तिचं, गाठ तिची, पुढचे दिवस तिचे. तिच्या नावचं पाकीट तुम्ही फोडून वाचलंय आणि आता ते तिला द्यावं की नाही यावर घरात बैठका घेताय.

तुमचा जीव आहे तिच्यावर, ते मी धरूनच चालते. कामाचं बोलू. केमोला तुम्ही ‘ताकदीचं सलाइन’ म्हणणार आहात. बरं. मग संमतीपत्रावर सही कोणाची घेणार? काही औषधांनी पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांतच केस गळायला लागतात. उशीवर झुबका दिसला की तिला काय सांगाल, ताकद आली म्हणून? कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही. आणि फोन वाजला की तू उठून गॅलरीत जातोस, हे तिला दिसत नसेल असं वाटतं तुला?

एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण मी हेच केलंय. सात महिने.

ह्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, सगळं सांगितलं आणि म्हणाले, त्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी बघितलं. ‘कावीळ आहे, उतरेल’ असं ह्यांना सांगितलं आणि बायोप्सीचा कागद फाइलमधून काढून माझ्या कपाटात, फळीवरच्या वर्तमानपत्राखाली सरकवला. हे जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक. खिळ्यांवरची उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचणारा माणूस, आणि त्यांच्यापासून मी एक कागद लपवत होते.

ते गेल्यावर महिन्याभराने तो बाहेर काढला. ‘मॅलिग्नंट’च्या स्पेलिंगमध्ये टायपिस्टने ‘जी’ खाल्ला होता. तिथे पेन्सिलीने बारीक काकपद, म्हणजे राहिलेलं अक्षर घालायची खूण, आणि शेजारी समासात, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात, ‘जी’. दुरुस्ती करून कागद होता तसा घडी घालून परत ठेवला होता.

कधी वाचला असेल, माहीत नाही. एक संध्याकाळ मात्र आठवते. अंगाला सारखी खाज सुटायची, मी पाठीला मलम लावत होते. एकदम म्हणाले, “फ्यूज बदलायला शिकून घे गं.” मी फटकन म्हणाले, “काहीतरीच! बरे झालात की तुम्हीच बदला.” पुढे काही बोलले नाहीत. माणूस दार वाजवत होता आणि मी आतून कडी लावली. ती पाठ अजून माझ्या हातांना आठवते.

तू म्हणशील, मग तेव्हा का नाही बोललात? अरे, रीतच तशी होती. 1951 साली ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचं कॅन्सरने धरलेलं फुफ्फुस काढलं, पण तो शब्द खुद्द राजापर्यंत पोचू दिला नाही. 1961 मध्ये अमेरिकेत 219 डॉक्टरांना विचारलं, तर 90 टक्के म्हणाले, आम्ही शक्यतो रुग्णाला कॅन्सर सांगत नाही. शिकलेसवरलेले डॉक्टर असं करत होते, तर माझ्यासारखीनं काय करायचं? मुलं लहान, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. खरं म्हणजे 1979 मध्ये तसंच पुन्हा विचारलं तेव्हा 97 टक्के डॉक्टर ‘सांगतो’ म्हणाले होते, आणि ह्यांचं आजारपण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आलं. तेव्हा हा बचाव राहू दे.

काका म्हणतात, कळलं तर ती हाय खाईल. ऐकून कान किटलेत. 2010 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना निदान होताच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअरही दिली, म्हणजे त्रास कमी करायचा आणि आजार कुठवर आलाय, तुम्हाला काय हवंय, हेही बोलायचं. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्तच जगले. बोलल्यानं आयुष्य वाढतं असं मी म्हणत नाही, काकांनाही म्हणू नकोस. पण असं बोलणं झालं म्हणून ती माणसं खचली नाहीत.

आता उलटी चूक करू नकोस. उद्या तिच्यापुढे रिपोर्ट उघडून धडाधडा वाचायला लागशील, ते नको. तिच्याजवळ बैस आणि विचार, “डॉक्टर काय म्हणाले, तुला काय वाटतंय?” मग गप्प राहा. खरंच गप्प. ती विचारेल तेवढंच सांग, पण सांगशील ते खरं सांग, आणि ‘कॅन्सर’ला कॅन्सरच म्हण. ठाऊक नसेल तिथे ‘डॉक्टरांना विचारू’ म्हण. ती म्हणाली, “मला नका सांगू, तुम्हीच बघा,” तरी चालेल. पाकीट तिचं, न उघडण्याचा हक्कही तिचा. फक्त ते तिच्या तोंडून येऊ दे, मावशीच्या नको. आणि महिन्याभराने पुन्हा विचार, माणसाचं मन बदलतं.

बाबांवर चिडू नकोस. ते तिला नाही, स्वतःला वाचवतायत. मी ओळखते ती जात.

धाकट्याला विसरलात तुम्ही सगळे. नऊ वर्षांचं पोर, त्याला पाहुण्यांकडे पाठवून दिलंत. घरात काय बिघडलंय हे त्याला कळलंय, का बिघडलं ते तो मनानेच रचतोय. मी आईला त्रास दिला म्हणून ती आजारी पडली, असं मुलं खरंच धरून बसतात. आई हो म्हणाली की त्याला सांगा: तुझ्यामुळे झालेलं नाही, हात लावल्याने होत नाही, आणि आई दवाखान्यात असेल तेव्हा तुला शाळेतून आणायला अमुक येईल. त्या अमुकचं नाव नीट ठरवून सांगा, मुलांना तेच हवं असतं.

तिच्याशी बोलणं झाल्यावर मला फोन कर. आधी नको. आधी केलास तर आपण दोघं मिळून पुन्हा तिच्यामागे बोलत बसू.

तुझी,
काकू