नापास होऊ शकणारी मुलं डेटावरून आधीच ओळखता येतात का?

येतात. तुम्ही विचारलंय की संस्था त्यासाठी सॉफ्टवेअर घेतेय, त्याचा उपयोग होईल का. मी बीड जिल्ह्यात नववी-दहावीला गणित शिकवतो आणि चार वर्षं साधी एक्सेल शीट ठेवतो: हजेरी, घटक चाचणीचे गुण, गृहपाठाची वही आली की नाही. एवढ्यावरही पुष्कळ कळतं.

मोठी सॉफ्टवेअरंही असंच काम करतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात गुण, मागचा निकाल आणि ऑनलाइन अभ्यासातला वावर बघून प्रत्येकाला हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवायचे. असे दिवे लावलेले विषय घेतलेली मुलं कॉलेज कमी सोडतात, असा मोठा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये अभ्यासकांनी शंका काढली: जो जास्त दिवस टिकतो, त्याच्याच वाट्याला असे विषय जास्त येणार ना? कंपनीवाले निकालाचे आकडे दाखवतील तेव्हा हे जरूर विचारा.

दुसरं, पासची रेघ लावून मुलं निवडू नका. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला पहिल्या चाचणीत २० पैकी १७ होते, दुसरीत ९. पस्तीस टक्क्यांच्या हिशोबानं ९ म्हणजे पास, हजेरीही पूर्ण. पण वहीच्या रकान्यात सलग तीन आठवडे फुल्या होत्या. घरी गेलो. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर, घरात आजी आणि दोन धाकटे भाऊ. पाणी-भाकरी सगळं हिच्याकडे. आजी म्हणाली, "सर, वही उघडती अन् तिथंच झोपती लेकरू." तिला ओरडून काय होणार होतं? शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून गृहपाठ वर्गातच करून घ्यायला लागलो, पुढच्या चाचणीत १४ आले. म्हणून मी प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी करतो. कोण घसरतंय ते शीट सांगते, का घसरतंय ते उंबऱ्यावर गेल्याशिवाय कळत नाही. घरी कोण जाणार, हे ठरल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि लाल यादी वर्गात वाचू नका, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. पोरं त्या दिवसापासून यायची बंद होतात.

मी यादी पहिल्या चाचणीनंतर लगेच काढतो. दिवाळीनंतर टोळ्या हलतात; त्याआधी आईबाप गावातच असतात, समोर बसून बोलता येतं.