गोळी बदलली आणि झोप गेली

एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी सेंटरवर हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो: “नवीन गोळी सुरू झाल्यापासून झोप लागत नाही. थोडे दिवस बंद ठेवू का?” याचं उत्तर एका मावशींच्या निमित्ताने देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी पन्नाशीच्या. शाळेत पोषण आहार शिजवतात. नवरा गेला तेव्हाच्या तपासणीत त्यांचा एचआयव्ही कळला. औषध एकदाही चुकलेलं नाही, व्हायरल लोड टीएनडी, म्हणजे रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. अशी बाई येऊन म्हणते, “ताई, डोळ्याला डोळा लागंना. परवा गोळी घेतलीच न्हाई, तवा बरं झोपले,” तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो.

गोळीवरचा संशय अगदीच खोटा नव्हता. आधीच्या टीएलई गोळीत एफाव्हिरेन्झ होतं. त्याने चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची. हे सगळं झोपेत निभावून जावं म्हणून ती रात्री घ्यायला सांगत. 2020 नंतर बहुतेकांना टीएलडी सुरू झाली. तिच्यातलं डोल्युटेग्रॅव्हिर एकंदरीत सोसायला सोपं, पण काहींची झोप तेच उडवतं. ही गोळी सकाळी घेतली तरी चालते, जेवणाआधी की नंतर हेही बंधन नाही. पण गोळी बदलली तरी घेण्याची वेळ रात्रीचीच राहिली, असे कितीतरी जण आहेत.

आधी मी ताप, खोकला, वजन उतरणं, रात्री घामाने अंथरूण भिजणं याची चौकशी केली. यातलं काही असतं तर टीबीची तपासणी आधी, झोपेचं नंतर. मन उदास असतं का, जीव नकोसा होतो का, हेही विचारलं. “तसलं काय न्हाई,” म्हणाल्या.

मग म्हटलं, “मावशी, कालची रात्र घड्याळ लावून सांगा.”

नऊला पाठ टेकली. मुलगा-सून पलीकडेच, मधे नुसता पडदा. मुलाचा मोबाइल साडेअकरापर्यंत चालू. तोवर या डोळे मिटून जाग्याच, कारण गोळीची डबी तांदळाच्या डब्यात पुरलेली आणि घरात कुणाला काही माहीत नाही. डबीवरचं लेबल नखाने खरवडलेलं, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबलेला. सगळे झोपले की अंधारात उठायचं, चाचपडत डबी काढायची, गोळी गिळायची. परत आडवं झालं की सुरू: झाकण वाजलं का? सुनेने कूस बदलली ती जागी होती म्हणून? यात दोन वाजतात. पाचला पाणी भरायला उठायचं. दुपारी शाळेतून आल्यावर तासन्‌तास झोप, संध्याकाळी तीन-चार वेळा चहा.

परवा गोळी घेतली नाही, म्हणजे जागं राहून वाट बघणंही नव्हतं. मला तरी निम्मी झोप तिथेच सापडली.

डॉक्टरांनी वेळ सकाळची करून दिली, मधे खाडा पडू न देता. सकाळी परसात पाणी तापत ठेवतात तेव्हा त्या एकट्याच असतात. जागा त्यांनीच शोधली. आदल्या दिवशी एक गोळी बटव्यात काढून ठेवायची. कॅल्शियमची गोळी त्या सकाळीच घेत, ती दुपारच्या जेवणावर नेली, कारण कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं औषध सोबत घेतलं तर डोल्युटेग्रॅव्हिर अंगी नीट लागत नाही. दुपारची झोप अर्ध्या तासावर, चहा चारनंतर बंद. आणि नऊला अंथरुणावर पडून राहायचं नाही, डोळे जड झाले की जायचं. चहा सोडणं त्यांना सगळ्यांत जड गेलं.

महिन्याभरात अकराच्या सुमाराला डोळा लागू लागला. सेंटरला यायच्या आदल्या रात्री मात्र अजून झोप नसते. सुनेला “बीपीच्या गोळ्या आणायला जाते” असं सांगून निघावं लागतं. ‘घरी सांगून टाका’ असं मी म्हणत नाही. कोर्टाचा आदेश सोडला तर आपली स्थिती उघड करायची सक्ती कुणी करू शकत नाही, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही हेच आहे. शिवाय सांगितल्यानंतरचे दिवस त्याच घरात मला नाही, त्यांना काढायचे असतात.

मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी परस्पर घेणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. सेकंड लाइनमध्ये, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या औषधांत, रिटोनाव्हिर असेल तर अल्प्राझोलामसारख्या गोळीचा अंमल वाढतो, लांबतो. तेव्हा एचआयव्हीची गोळी चालू ठेवा आणि आपल्या डबीत कोणतं औषध आहे, ते सकाळी घेता येईल का, हे सेंटरच्या डॉक्टरांना विचारा. सेंटरला लगेच येणं जमत नसेल तर 1097 या एचआयव्ही-एड्सच्या हेल्पलाइनवर फोन करा. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.