रीलच्या मापाचा नाच

प्रश्न: माझी मुलगी लहानपणापासून नाच शिकतेय. हल्ली मात्र सगळा सराव अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याचा, तोही मोबाईल उभा लावून. पूर्ण गाणं बसव म्हटलं की कंटाळते. या रील्सनी कलेची पार वाट लावलीय असं मला वाटतं. तुमचं काय मत?

उत्तर: वाट लावलीय असं मी तरी म्हणणार नाही. माध्यमाच्या मापात कला बसवणं काही आजचं नाहीये. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, 1902 मध्ये गायिका गौहरजान अशा तबकडीसाठी गायल्या तेव्हा मैफलीत कितीतरी वेळ रंगणारं गाणं त्यांनी तेवढ्यात आटपलं, वर शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगायलाही वेळ काढला! 1948 ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली, तरी पॉप गाणं आपलं तीन-चार मिनिटांचंच राहिलं.

म्हणजे छोटं म्हणून हलकं, असं नसतं. मला खटकतं ते वेगळंच. तबकडी ऐकताना कोणी कंटाळून सुई कुठे उचलली ते गायकाला कधी कळायचं नाही, आता सगळं कळतं. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तरच ते मोजलं जातं, व्हिडिओ टाकणाऱ्याला तर लोक कुठल्या सेकंदाला सटकले त्याचा ग्राफच दिसतो, मग काय, सुरुवातीचं म्युझिक उडवा, मुखडा आधी आणा, आणि हळूहळू माणूस गाणं सोडून ग्राफच बसवायला लागतो.

नाचात तर हे डोळ्यांना दिसतं. उभी 9:16 ची फ्रेम, दोन पावलं बाजूला टाकली की बाई फ्रेमबाहेर. म्हणून हात, खांदे, चेहऱ्याचं काम वाढलं (ते बऱ्याच जणी सुंदर करतात, मान्य आहे), पाय मात्र जागच्या जागी. फिरत स्टेज व्यापणं, चौघींनी जागा बदलणं जवळपास संपलंच. दम राखायचीही गरज नाही, चुकलं की परत शूट. तुमची मुलगी ज्याला कंटाळा म्हणते तो कदाचित तिसऱ्या मिनिटाला लागणारा दम असेल.

रील्स बंद कर म्हणू नका, ऐकणार नाहीच ती. मोबाईल आडवा करून लांब ठेवा, पूर्ण गाणं एका दमात शूट करा, मधे थांबायचं नाही. रीलचा तुकडा तिला हवा तर त्यातूनच कापू दे.