शाळेसाठी ब्लॉग घ्यावा की विकी?

दोन शिक्षकी प्राथमिक शाळेतील मुलांचे लेखन आणि गावाची माहिती संगणकावर आणायची असेल, तर ब्लॉग बरा की विकी (म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचे आणि दुरुस्त करत राहायचे संकेतस्थळ), असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी लेखनाचा स्वभाव पाहावा. सहलीचे वर्णन, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, एखाद्या मुलीची कविता हे लेखन त्या त्या तारखेचे असते आणि एकदा लिहिल्यावर सहसा बदलत नाही. ते ब्लॉगवर शोभते. गावातील विहिरी, पिके, जत्रा, बोलीतील शब्द ही माहिती मात्र दर वर्षीच्या वर्गाने दुरुस्त करत वाढवायची असते, म्हणून तिथे विकीच हवा.

ब्लॉगसाठी गूगलची ब्लॉगर ही सेवा पुरेशी आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी त्यावर मराठी ब्लॉग चालवले आहेत, त्यामुळे अडल्यास तालुक्यातच कोणीतरी जाणकार भेटतो. भारतात १३ वर्षांखालील मुलाला स्वतःहून गूगल खाते उघडता येत नाही. तेव्हा मुलांनी वहीत लिहावे आणि शिक्षकाने ते आपल्या खात्यातून टाकावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे, म्हणून छायाचित्र किंवा पूर्ण नाव देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावीच.

विकीसाठी मी डोकुविकी ही संगणकप्रणाली सुचवेन. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी भक्कम असले, तरी त्याला डेटाबेस (माहिती साठवणारी वेगळी प्रणाली) लागतो आणि दोन शिक्षकांना ते ओझेच होईल. डोकुविकीत प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे फोल्डरची प्रत काढली की सगळे सुरक्षित राहते. शिवाय विंडोजवर पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती मिळत असल्याने इंटरनेट नसलेल्या संगणकावरही मुले लिहू शकतात. कोणत्या खात्यातून कधी काय बदलले, हे जुन्या आवृत्त्यांत दिसते, आणि पाचवीतल्या मुलाला आपला कच्चा परिच्छेद सुधारत गेलेला पाहायला मिळणे हा मला विकीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. मराठीपुरत्या दोन अडचणी सांगतो. दुवा देण्यासाठी चौकटी कंस लागतात, पण इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर त्या जागी ‘ड’ उमटतो, तेव्हा मुलांना लेखनाच्या चौकटीवरील पट्टीतले दुव्याचे बटण दाखवावे. दुसरे म्हणजे फाइलच्या नावात प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांएवढी जागा खाते, म्हणून पानांची नावे आखूड ठेवावीत.

शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली विकीस्पेसेस ही सेवा २०१८ मध्ये बंद पडू लागली, तेव्हा शाळांना आपला मजकूर उतरवून घ्यावा लागला. म्हणून ब्लॉगचीही प्रत दर सत्राच्या शेवटी उतरवून ठेवावी. आणि बदलीचा विचार आजच करावा: ब्लॉग एकाच शिक्षकाच्या खासगी खात्यावर असेल, तर त्याच्याबरोबर तोही जातो, दोघांनाही प्रशासक करून ठेवावे आणि नवा शिक्षक रुजू झाला की कार्यभार हस्तांतरणातच त्याचे नाव जोडावे.