ज्वारीचा खर्च, जवसाचा फायदा: मातीतल्या बुरशीची देवघेव

जंगलातलं मोठं झाड बुरशीच्या जाळ्यातून लहान रोपांना अन्न पाठवतं, असं व्हिडिओत पाहून तुम्ही विचारलंय की शेतातही असं होतं का, आणि मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडी जमवणाऱ्या बुरशीची, पावडर आणावी का. देवघेव होते, हे नक्की. मात्र ती झाडाच्या इच्छेवर चालत नाही. मध्ये बुरशी अडत्यासारखी बसलेली असते, आणि तिचा हिशोब तिचा असतो.

स्फुरद (फॉस्फरस) मातीत जवळजवळ सरकतच नाही. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटरमधला उचलला की तो पट्टा रिकामा. बुरशीचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक. ते या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातात, स्फुरद आणि जस्त आणतात. त्याच्या बदल्यात पीक पानांत तयार केलेल्या अन्नातला साधारण 4 ते 20 टक्के वाटा बुरशीला देतं. एकच बुरशी शेजारच्या दोन पिकांच्या मुळांत शिरली, की जाळं जोडलं गेलं.

आता आपल्या कामाचा प्रयोग सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी 2012 मध्ये चक्क ज्वारी आणि जवस शेजारी लावले. मध्ये जाळी इतकी बारीक, की पलीकडच्या मातीत बुरशीचे धागे जातील पण मुळं नाहीत. तिथे माग काढता येईल अशी खूण केलेलं नत्र आणि स्फुरद ठेवलं. ज्वारीच्या आणि जवसाच्या कर्बात हलक्या-जड अणूंचं प्रमाण मुळातच वेगळं असतं, त्यामुळे बुरशीला कोणी किती पोसलं हेही मोजता आलं. निघालं असं: बुरशीचा बहुतेक खर्च ज्वारीनं उचलला, आणि बुरशीनं आणलेल्या नत्र-स्फुरदातला 94 टक्क्यांपर्यंतचा वाटा जवसानं नेला! तरी ज्वारीची वाढ फारशी घटली नाही, आणि जोडीचं एकूण उत्पादन वेगवेगळ्या लागवडीच्या सरासरीपेक्षा जास्त भरलं. आंतरपिकाचं बळ मला इथे दिसतं. वाटणी समान नव्हती, तरी मोठं नुकसान कुणाचंच झालं नाही.

जंगलाची गोष्ट आली ती 1997 च्या कॅनडातल्या प्रयोगातून. सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कर्बाची ये-जा मोजली. प्रयोग मोलाचा होता. पुढे त्यावर 'आई झाड पिल्लांना भरवतं' असे इमले चढले, ते मला पटत नाहीत. त्याच प्रयोगातल्या मेलनी जोन्स यांनी दोन सहकाऱ्यांसह 2023 मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि अशा दाव्यांना जंगलातला आधार तोकडा आहे, असं स्पष्ट लिहिलं. शिवाय कर्ब शेजाऱ्याच्या मुळापर्यंत पोचला, तरी तो तिथल्या बुरशीच्याच अंगात राहू शकतो.

आता शेताकडे. ज्वारी, तूर, मका, कांदा या बुरशीशी जोडी जमवतात. कांद्याची मुळं आखूड आणि विरळ, त्याला तर तिची फारच गरज. मोहरी, कोबी, मुळा, पालक, बीट जमवत नाहीत. म्हणून कोबीनंतर किंवा रान बराच काळ पडीक राहिल्यावर बुरशी कमी झालेली असते. डीएपीसारख्या स्फुरदाच्या खताचा मारा केला की पीकच तिला मुळांत फार थारा देत नाही, आणि वारंवार खोल नांगरटीनं धागे तुटतात. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आला असेल तर आधी तो हात आवरा.

शेणखतात किंवा पाल्याखाली दिसणारी पांढरी बुरशी बहुधा ही नव्हे; ती कुजवणारी. पिकांची ही बुरशी मुळाच्या आत असते. मूळ कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड; खताचं पोटॅश नव्हे) द्रावणात उकळून, शाई आणि व्हिनेगरनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की पेशींत झुडपासारख्या फांद्या आणि गोल पिशव्या निळ्या दिसतात. कृषी महाविद्यालयात कुणी ओळखीचं असेल तर एकदा नक्की बघून या.

पावडरीचं म्हणाल, तर चांगल्या रानात ही बुरशी बहुतेक असतेच, तिथे खर्च करू नका. कोकोपीटच्या ट्रेमध्ये मात्र ती नसते. रोपवाटिका करत असाल तर तिथे, थेट मुळाला लागेल अशी वापरा आणि त्या ट्रेला स्फुरद बेताचा द्या.