धर्माचा अपमान झाला, तर मुसलमानाने काय करावं?

तुमचा प्रश्न असा: पैगंबरांबद्दल घाणेरडं काही मोबाईलवर आलं तर गप्प बसायचं की रस्त्यावर उतरायचं, आणि इस्लाममध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे तरी का?

मी सोलापुरात वकिली करतो आणि नमाजी मुसलमान आहे. राग येतोच. तो येऊ नये असं कुरआनही म्हणत नाही. ‘यांच्या बोलण्याने तुमचं मन कोंडतं हे आम्हाला माहीत आहे,’ असं अल्लाह खुद्द पैगंबरांना सांगतो (कुरआन, अध्याय १५, वचन ९७). लगेच पुढे हुकूम येतो तो तस्बीहचा (अल्लाहच्या स्तुतीचा) आणि सज्द्याचा, म्हणजे त्याच्यापुढे माथा टेकण्याचा. सूरह निसा या अध्यायात (४:१४०) तर अगदी व्यवहारी सूचना आहे: आयतींची, म्हणजे कुरआनच्या वचनांची, टिंगल चाललेली असेल तिथे बसू नका, विषय बदलेपर्यंत. म्हणजे विषय बदलला की पुन्हा बसायला हरकत नाही! कायमचा अबोलासुद्धा सांगितलेला नाही.

दुसरी बाजू लपवत नाही. जुन्या फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्यात, पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड सांगणारे पुष्कळ आहेत. इब्न तैमिया या मध्ययुगीन धर्मपंडितांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय. मुस्लिमेतराच्या बाबतीत हनफी या कायदेपंथाचं मत त्या मानाने सौम्य. पण ही सारी चर्चा काझी आणि राज्यकर्त्याच्या अधिकाराची आहे. चौकात जमलेल्या टोळक्याला त्यातून परवाना काढता येत नाही.

आता आपला कायदा. लाहोरमध्ये पैगंबरांवरच्या एका पुस्तकाचा प्रकाशक १९२७ मध्ये हायकोर्टातून सुटला, त्यावरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षी धर्माच्या अपमानाला शिक्षा सांगणारं २९५अ कलम दंडसंहितेत आलं. तरीही १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ आहे. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असेल तरच ते लागतं, हे सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच स्पष्ट केलं. तेव्हा तलाकवर, बुरख्यावर कुणी टोचणारा प्रश्न विचारला तर तो गुन्हा नव्हे. समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुस्लिम समाजातल्या सुधारणांसाठी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांचं सगळं मला पटत नाही, पण त्यांना उत्तर द्यायचं ते लिहून, बोलून.

आणि ६:१०८ आमच्या पोरांना कुणी वाचून दाखवत नाही: दुसऱ्यांच्या दैवतांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही न समजता अल्लाहला देतील. आमच्या सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांवर कुणी कुत्सित विनोद पाठवला आणि आपण हसून पुढे ढकलला, तर दुसऱ्या दिवशी आपल्या भावना दुखावल्या म्हणायला तोंड कुठलं?

माझ्याकडे कुणी अशी तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारतो, ‘तू स्वतः किती ग्रुपवर टाकलंस?’ बहुतेक जण मान खाली घालतात. ‘बघा काय लिहिलंय’ म्हणून पसरवलं तरी ते पसरतंच, वर पोलीस तुम्हालाही बोलावू शकतात. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि पोचपावती मागून घ्या.