यंदा टूर नको, नाशिकच्या घरीच राहा

डॅलसहून एका सुनेचं पत्र आलंय. "काकू, ह्यांच्या ऑफिसात नोकरकपात सुरू आहे. तिकिटं आधीच काढली होती म्हणून नाशिकला येतोय. पण आम्ही आलो की सगळ्यांना घेऊन टूर ठरलेलीच. यंदा परवडत नाही, हे सासूबाईंना सांगायचं कसं?"

अगं, मला लिहिलंस तसंच सांगायचं! तुझी घालमेल कळते गं, मीही त्यातून गेलेय. पण थोडं रागावणारही आहे. ज्यांनी पै पै जोडून मुलाला तिकडे धाडलं, त्यांच्यापासून तंगी कसली लपवतेस?

२००९ च्या मंदीत आमच्या ह्यांची नोकरी गेली. घरी कोणाला कळू दिलं नाही, उलट क्रेडिट कार्डावर नऊ जणांना केरळला नेलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. हाउसबोटीत बसून त्या "घरी कुरडया राहिल्या" एवढंच म्हणत होत्या. ते कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं. खरं कळलं तेव्हा मामंजी म्हणाले, "आम्हाला परकं केलंत." अजून टोचतं ते.

पुढच्या खेपेला पंचवटीतलं घर सोडलंच नाही. मेअखेर, पावसाआधी कुरडया उरकायची घाई. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक सकाळी सहालाच पातेल्यात रटरटत होता. माझा लेक वाटीत गरम चीक, वर तेल-मीठ घेऊन गच्चीच्या जिन्यात बसला तो वाटी चाटूनपुसूनच उठला. मग सोऱ्या कोणी दाबायचा यावरून चुलतभावंडांची जुंपली. दुपारभर काठी घेऊन कावळे हाकलणं, तेही वाटून घेतलेलं. आता नोकरीला लागलाय, तरी मे आला की फोनवर विचारतो, "आजीने चीक केला का?"

म्हणून सांगते, टेक्सासच्या शाळा मेअखेर सुटतात आणि इथल्या जूनच्या मध्याला उघडतात. भावंडं एकत्र मिळायचे दिवस तेवढेच, ते टूरवर घालवू नकोस. फिरायचंच तर ऊन चढायच्या आत पांडवलेणी चढा. सातवाहनांच्या काळातली लेणी घराशेजारी आहेत, आपणच कधी धड पाहत नाही. त्र्यंबक तीसेक किलोमीटर, एसटीने जा. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर त्यांना फुकट. आधारकार्ड तेवढं बरोबर घ्यायला सांग.

भेटवस्तूंचं विचारलंस. चॉकलेटं पुरेत, परफ्यूम कोणी लावत नाही. मुलांच्या पोटाला सुरुवातीचा आठवडा उकळलेलं पाणी. वायफायचं नंतर बघू.

सासूबाईंना आजच फोन कर, चिकासाठी गहू जास्त भिजवायला सांग. आणि परतताना कुरडयांचा डबा बॅगेच्या तळाशी ठेवू नकोस, चुरा होतो.